चाळीस सेकंदांची वही

मला याद्या करायची सवय आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीचं स्टोअर मी बावीस वर्षं सांभाळते. कुठल्या रॅकवर काय आहे, किती आहे, कधी संपेल, हे मला कागदावर लागतं. घरीही तसंच. फ्रिजवर एक यादी, पर्समध्ये एक.

मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही लिहा. तुमच्यासारखं होणाऱ्या माणसांना उपयोग होईल." मी होकार दिला. काय लिहायचं ते ठरलेलं होतं. दहा मुद्द्यांची यादी. लक्षणं, तपासण्या, दवाखान्यात न्यायच्या वस्तू, घरच्यांनी काय करावं, काय करू नये. पहिला मुद्दा लिहिला आणि तिथेच चार दिवस अडले आहे. का अडले ते सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

आई

सुरुवात माझ्या आजारापासून होत नाही. आईपासून होते. ती शेवटची तीन वर्षं आमच्याकडे होती आणि त्या तीन वर्षांत सगळं विसरत गेली. आधी गॅस बंद करायचं विसरली. मग वार विसरली. मग माझ्या मुलीचं, प्राचीचं नाव. मी त्याचीही नोंद ठेवत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

एका सकाळी मी चहा घेऊन तिच्याजवळ गेले. ती सावरून बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "बसा पावणं. घरात कोण न्हाय आता. सुनंदा कामावर गेलीया. यील एवढ्यात."

सुनंदा म्हणजे मीच. मी बसले. आम्ही दोघींनी सुनंदाची वाट बघत चहा घेतला.

त्यानंतर ती सहा महिने होती. तिच्या मृत्यूची तारीख माझ्याकडे आहे. पण जिला मी आई म्हणत होते ती नेमकी कोणत्या दिवशी गेली, ते मला कुठेच लिहिता आलं नाही. तेवढा एक रकाना मोकळा राहिला.

गुरुवारचा वर्ग

आमचं घर मंगळवार पेठेत. खाली विलास, माझे पती, यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आणि वर आम्ही. घरापासून तीन गल्ल्यांवर एका हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी अद्वैताचा वर्ग भरतो. दहा-बारा माणसं असतात. आई गेल्यावर शेजारणीने मला तिथे नेलं.

वर्ग घेतात ते अण्णा. पन्हाळ्याच्या तालुका कचेरीत मोजणीदार होते, आता निवृत्त. एसटीने खाली येतात, वर्ग घेतात, शेवटच्या गाडीने परत जातात. कुणाकडून काही घेत नाहीत, चहासुद्धा अर्धाच. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एका शेताचा नकाशा काढला. बांध, ओढा, विहीर, आंब्याचं झाड.

"सगळं आलं का?" त्यांनी विचारलं.

आम्ही हो म्हणालो.

"मोजणीदार कुठं हाय ह्यात?"

आम्ही फळ्यावर शोधायला लागलो.

"न्हाय. कुठल्याच नकाशात नसतो. म्हणून तो शेतात नव्हता असं म्हणतासा का?"

मग त्यांनी समजावलं. शरीर दिसतं. राग येतो-जातो तेही दिसतं. आठवणी दिसतात, आपलं नावसुद्धा एक आठवणच. जे जे दिसतं ते नकाशातलं. तुम्ही नकाशातले नव्हे. ज्याला हे सगळं दिसतं तो तुम्ही. त्याला साक्षी म्हणतात. तो जन्मत नाही, थकत नाही, विसरत नाही. आणि तो तुमचा वेगळा, माझा वेगळा असाही नाही.

मी विचारलं, "ज्या बाईला पोटची मुलगी ओळखता येत नाही, तिच्यात तो असतो का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. का विचारते आहे हे त्यांना कळलं असावं. "नकाशा भिजला, पुसला, तर मोजणीदार मरतो का बाई?"

त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली. आई मला पावणं म्हणाली तेव्हाही तिच्या डोळ्यांमागे कुणीतरी पूर्ण जागं होतं, असं मी धरून चालले. तेवढं खरं असेल तर बाकी सगळं मला सोसत होतं.

सात नंबरचा रॅक

पहिल्यांदा झालं ते स्टोअरमध्ये, सात नंबरच्या रॅकसमोर. ग्राइंडिंग व्हील मोजत होते. आधी काहीतरी जळाल्याचा वास आला, रबर आणि वार्निश एकत्र जळावं तसा. त्याचं मला काही वाटलं नाही. विलास जळक्या मोटरींच्या तारा सोडवण्यासाठी दुकानामागे भाजतात, तो वास आमच्या कपड्यांना कायमच असतो.

मग पोटातून काहीतरी वर चढलं. आणि सगळं मागे सरकलं. हातात व्हील होतं, हात दिसत होता, पण तो माझा नव्हता. स्टोअर होतं, आवाज होते, फार लांबून. नाव नव्हतं. काळजी नव्हती. फक्त दिसणं होतं, आणि त्या दिसण्याला कसलीच कमी नव्हती. इतकी शांतता मला बावन्न वर्षांत कधी मिळाली नव्हती.

भानावर आले आणि भिंतीवरचं घड्याळ बघितलं. एक मिनिटही झालं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पहिला विचार आला तो आईचा. म्हणजे हे खरं आहे. नाव गेलं तरी कुणीतरी उरतं. मी आता बघून आले.

अण्णांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडून ते दोनदा सांगून घेतलं. मग म्हणाले, "लिहून ठेवा. पण त्याच्या मागं लागू नका."

मागे लागू नका हे मी ऐकलं नाही. लिहून ठेवा हे ऐकलं. नवी वही आणली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, ठिकाण, किती सेकंद, आधी काय जाणवलं, नंतर काय. आठ महिन्यांत एकसष्ट नोंदी झाल्या. बहुतेक चाळीस सेकंदांच्या आसपासच्या. वर्गात मला पुढच्या रांगेत जागा मिळायला लागली. एक बाई घरी पूजा असली की पहिला नारळ माझ्या हातात द्यायच्या. मी नको म्हणायचे, पण घ्यायचे.

घरी मात्र वेगळं चाललं होतं. विलास एकदा जेवताना म्हणाले, "मध्येच कुठं जातीस गं? हाक मारली तर ओ न्हाय. नुसतं तोंड हलवत बसतीस म्हशीगत."

मला राग आला. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळणाऱ्या माणसाला यातलं काय कळणार, असं वाटलं. साक्षीला राग येत नसतो हे त्या वेळी लक्षात आलं नाही. तेही इथे लिहून ठेवते.

निदान

एके दिवशी दुपारी मी स्टोअरमध्ये कोसळले. मला त्यातलं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा नाकासमोर एक काळा, घामट सेफ्टी शू होता आणि फोर्कलिफ्टवाले बाबूराव तो धरून उकिडवे बसले होते. फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवतात. फाउंड्रीत चप्पल घालायला मनाई आहे, म्हणून बूट.

"मॅडम, बूट लागू पडला," बाबूराव म्हणाले. "दुसरा काढायची पाळी आली न्हाय."

त्या सगळ्या महिन्यांतलं माझं शेवटचं हसणं ते.

दवाखान्यात दाखल झाले. पुण्याहून प्राची आली. डॉक्टर मॅडम शांत स्वभावाच्या, प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणाऱ्या. त्यांनी विचारलं, "याआधी कधी काही झालं होतं?"

मी म्हणाले, "नाही."

खोटं बोलत नव्हते. त्रास काही झालेला नव्हता. त्या मला होणाऱ्या त्रासाबद्दल विचारत होत्या आणि माझ्या वहीत होतं ते माझं सगळ्यात मोठं सुख होतं.

त्या म्हणाल्या, "वास येतो का कसला, जळाल्यासारखा? पोटातून काही वर चढतंय असं? मग एकदम लांब गेल्यासारखं? काहींना त्यात फार शांत वाटतं."

 खोलीत विलास होते, प्राची होती. माझ्या आत जे झालं ते या बाईला रकान्यांसकट माहीत होतं.

प्राचीने मोबाइल पुढे केला. "आई, सकाळी एमआरआयसाठी थांबलो होतो ना, तेव्हा तुला काहीतरी झालं. मी काढून ठेवलंय. बघ."

त्या सकाळची नोंद मी केली होती. बासष्टावी. 'पूर्ण शांत. सगळं स्पष्ट.' व्हिडिओत बाकावर एक जाड, पिवळट बाई बसली होती. तिचे डोळे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं. ती काहीही न खाता चघळत होती. उजव्या हाताने पदराचं टोक ओढत होती, सोडत होती, ओढत होती. प्राचीचा आवाज येत होता, "आई? आई, माझ्याकडे बघ." बाईने बघितलं नाही.

ते डोळे मी आधी पाहिलेले होते. माझ्या आईचे.

मी पर्समधून वही काढली आणि डॉक्टरांना दिली. त्यांनी सावकाश पानं उलटली. "आमचे पेशंट इतकी व्यवस्थित नोंद कधी आणत नाहीत," त्या म्हणाल्या. खरंच कौतुकाने म्हणाल्या. मग एमआरआयची फिल्म लावली. उजव्या कानशिलाच्या आत, लिंबाएवढी गाठ. हळू वाढणारी. ती आजूबाजूच्या भागाला डिवचते, म्हणून हे झटके. साक्षीभाव, मागे सरकलेलं जग, शांती, सगळं त्या लिंबातून येत होतं.

विलासनी वही हातात घेतली. वाचली. त्यांचं वाचन सावकाश आहे, सगळे थांबले.

"आठ महिने," ते म्हणाले. "आठ महिने तुला झटकं येत हुतं आणि तू लिहून ठेवत हुतीस. मला एकदा सांगायचं की."

आधी आला असतात तर गाठ लहान असती, हे डॉक्टर बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

नाव काय तुमचं

ऑपरेशनचं फार लिहीत नाही. केस काढले. एक आया होती, तिने आपल्या पिशवीतून धुतलेला सुती रुमाल काढून माझ्या डोक्याला बांधला आणि म्हणाली, "थंडी वाजती पहिल्यांदा." असं काही कुणी केलेलं मी विसरत नाही.

ऑपरेशननंतर नर्स दर थोड्या वेळाने यायची. डोळ्यांत बॅटरी मारायची आणि विचारायची, "नाव काय तुमचं? कुठं आहात? साल कुठलं?" सुनंदा. कोल्हापूर. साल. बरोबर आलं की ती तक्त्यावर खूण करायची. दोन वर्षं मी वर्गात शिकत होते की सुनंदा हे उत्तर चूक आहे. आता ते बरोबर यावं म्हणून काचेपलीकडे नवरा आणि मुलगी उभी होती, आणि मीही जीव तोडून तेच उत्तर देत होते. त्या दोन-तीन दिवसांत मला सुनंदा असण्यापलीकडे काहीही नको होतं.

आणखी एक गोष्ट तिथेच ध्यानात आली. ऑपरेशन साडेपाच तास चाललं. मला इंजेक्शन दिलं आणि लगेच मी उठले. मधलं काही नाही. झोपेचं तसं नसतं. झोपून उठल्यावर आपण झोपलो होतो हे माहीत असतं. इथे दोन पानं एकमेकांना चिकटावीत तसं झालं. साडेपाच तास साक्षी कुठे होता? मी पुष्कळ शोधलं. दवाखान्यात दुसरं काम नसतं. कुठेच नव्हता.

घर

गाठ बरीचशी काढली. थोडी उरली आहे, कारण ती आठवणींच्या जागेला लागून आहे आणि तिथे हात घालता येत नाही. सकाळ-संध्याकाळ गोळ्या आहेत. झटके थांबले.

झटके थांबले आणि मी रिकामी झाले. याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. लोक भेटायला येत होते, नारळपाणी आणत होते, वाचलीस म्हणत होते. मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. गोळ्यांनी चिडचिड वाढते म्हणतात. मी एकदा आमटीचं पातेलं सिंकमध्ये आपटलं, एकदा प्राचीला फोनवर म्हणाले की तू तो व्हिडिओ काढायला नको होतास. ती रडली. मी फोन ठेवून दिला. साधी साखर आणायची यादी करायला बसले तर पेन हातात तसंच राहायचं. कुणासाठी करायची यादी, हेच कळायचं नाही. कामावर दोनदा जाऊन आले. रॅक ओळखले, आकडे जुळले, पण मोजणारी कोण होती देव जाणे.

आणि आई दुसऱ्यांदा गेली. तिच्या डोळ्यांमागे कुणीतरी आहे याचा पुरावा म्हणून माझ्याकडे बासष्ट नोंदी होत्या. त्या आता दवाखान्याच्या फाइलला जोडलेल्या आहेत, झटक्यांचा तक्ता म्हणून.

विलासनी अण्णांना फोन करून नको ते सुनावलं होतं. मला ते नंतर कळलं. अण्णांनी उलट उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात ते स्वतः घरी आले. खाली दुकानात विलास उठून उभे राहिले नाहीत. अण्णा त्यांना हात जोडून वर आले.

मी सरळ विचारलं, "ते काय होतं, अण्णा?"

"अनुभव," ते म्हणाले. "आला आणि गेला. जे येतं-जातं ते साक्षी न्हवं. शांतीसुद्धा दिसलेलीच गोष्ट. नकाशातली."

"हे बरोबर आहे. मग आठ महिने तुम्ही हे का बोलला नाही?"

मी थांबले नाही.

"आणि भुलीत साडेपाच तास कोण होतं? मी शोधलं. तिथे कुणी नव्हतं."

"कुणी नव्हतं हे कुणाला कळलं, असं विचारतात त्यावर," ते हळू म्हणाले. हे वाक्य त्यांनी वर्गात शंभरदा म्हटलं असेल. आज त्यांनी ते अर्ध्यावर सोडलं. 

"सुनंदाबाई, तीस वर्षं मी हे सांगतोय. मला कधी एकदाही आलं न्हाय. एक क्षण न्हाय. तुम्ही आला म्हणालासा, तवा मला वाटलं, चला, आपल्या वर्गात कुणाला तरी आलं. म्हणून बोललो न्हाय. चुकलंच."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. जमलं नाही. मी चहा केला. त्यांनी अर्धा घेतला. उठताना म्हणाले, "गुरुवारी या असं म्हणायला मला तोंड न्हाय."  ते जिना उतरून गेले आणि दोन माणसं एकाच गोष्टीला मुकली आहेत असं मला वाटलं, एवढंच.

त्याच सुमाराची एक गोष्ट विलासनी मला सांगितली नाही, ती मला आपोआप कळली. घरात वास येईनासा झाला. जळाल्याच्या वासापासून झटका सुरू होतो असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी तारा भाजायचं काम दुकानामागून हलवलं. उद्यमनगरात एका ओळखीच्याच्या शेडमध्ये मोटरी घेऊन जातात, भाजतात, परत आणतात. रोजची खेप. गिऱ्हाईक खोळंबतं. विचारलं तर म्हणाले, "घरात जळक्याचा वास आला तर तो कुठला, ते तुला कळाय नगं?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. यापेक्षा मोठं काही ते मला बोललेले नाहीत.

पहिला मुद्दा

आता त्या यादीकडे येते. पहिला मुद्दा असा: 'विनाकारण वास, पोटातून वर चढणं आणि अचानक शांती, असं पुन्हा झालं तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.'

हे मी सोमवारी सकाळी लिहिलं. त्याच्या तासभर आधी मला तेच झालं होतं.

स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. वास आला. खाली काही भाजत नाहीत हे मला माहीत होतं. पोटातून चढलं. आणि मग ते आलं, तसंच, सात महिन्यांनी. हात मेथीसकट लांब गेले. नाव गेलं. चाळीस सेकंद मला काहीही नको होतं. परत आले तेव्हा मी हमसून रडले, कारण मला ते किती हवं होतं हे मला माहीतच नव्हतं. ती गाठ आहे, फिल्मवर बघितलेली आहे. आणि तरीही तिथे गेल्याशिवाय मला माझी आई कुठेच सापडत नाही.

सांगितलं तर गोळ्या वाढतील आणि तेही बंद होईल. नाही सांगितलं तर उरलेली गाठ वाढेल. ती आठवणींच्या जागेला लागूनच आहे. मग कधीतरी एका सकाळी विलास चहा घेऊन येतील आणि मी पदर सावरून त्यांना म्हणेन, बसा पावणं. तेव्हा माझ्या डोळ्यांमागे कुणी जागं असेल का, हे मी आज सांगू शकत नाही. अण्णाही सांगू शकत नाहीत.

विलास रोज रात्री विचारतात, "काय झालं का आज?" सोमवारी मी म्हणाले, नाही. मंगळवारी म्हणाले, नाही. मंगळवारी पुन्हा आलं होतं.

बुधवारी मी पुन्हा मेथी निवडायला घेतली, मिठाच्या बरणीला मोबाइल टेकवून ठेवला आणि चालू केला. मला तपासायचं होतं. दोन तास काही झालं नाही, मग झालं. नवी वही काढून लिहिलं: 'चाळीस सेकंद. पूर्ण शांत. सगळं स्पष्ट, काही सुटलं नाही.' मग व्हिडिओ बघितला.

तीच बाई. चघळते आहे, ओठाला मेथीची काडी चिकटली आहे. आणि जिन्याखालून आवाज येतो आहे. "सुनंदा." थोडं थांबून, "ए सुनंदा." मग मशीन बंद करून, मोठ्याने, "अगं सुनंदा, हाईस न्हवं?" बाई हलत नाही. खालून पुटपुटणं ऐकू येतं, "न्हाणीत असंल," आणि मशीन पुन्हा सुरू होतं.

ती हाक मला आठवत नाही. मी तो व्हिडिओ चार वेळा लावला आणि चारही वेळा त्या शांतीत परत जाऊन शोधलं. भांडी होती, उजेड होता, नळाचं टपकणं होतं. हाक नव्हती. काही सुटलं नाही असं मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं, आणि माझा नवरा तीनदा सुटला होता.

यावरून साक्षी नाही असं सिद्ध होतं का, मला माहीत नाही. एवढंच कळतं की मी जिथे जात होते तिथे आई नव्हती. तिथे कुणालाच कुणाची हाक पोचत नाही. आई सहा महिने तिथे बसून होती आणि मी रोज तिला हाक मारत होते. हे माझ्या हातात आता उरलं आहे. याला मी काही चांगलं नाव देऊ शकत नाही.

आज गुरुवार. सकाळपासून हेच लिहिते आहे. यादीचे बाकी नऊ मुद्दे नंतर लिहीन. ज्यांना हे वाचून उपयोग करून घ्यायचा आहे त्यांनी पहिला घ्यावा, तो मी पाळलेला नाही.

आता वास येतो आहे. रबर आणि वार्निश. अजून पोटात काही नाही, म्हणजे मला थोडा वेळ आहे. पेन ठेवून मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि कठड्याला धरून हाक मारली.

"अहो, खाली काही जळतंय का?"

मशीन बंद झालं.

"न्हाय," विलास म्हणाले. मग एक क्षण काहीच नाही, आणि नंतर जिन्यावर त्यांच्या पायांचा आवाज, दोन-दोन पायऱ्या एकदम. एवढं मी ऐकलं. नंतरचं मला आठवत नाही. पेन ठेवल्यापासूनच्या या ओळी मी दवाखान्यातून परत आल्यावर लिहिल्या आहेत. गोळ्या वाढवल्या आहेत, पुन्हा एमआरआय करायचा आहे. विलास म्हणतात, मी त्यांच्याकडे बघत होते पण ओळखत नव्हते, आणि ते सारखं माझं नाव घेत होते. वहीतल्या शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं आहे: 'पन्नास सेकंद. मी हुतो.'